बोरिवली ते घाटकोपर, मार्गे रेडिएटर

आमच्या कॉलनीतल्या दोन बायका युरोप पाहून आल्या आहेत. दोघींनी स्लाइड दाखवल्या, चिवडा खाऊ घातला आणि तिथले रस्ते किती गुळगुळीत, लोक किती शिस्तीचे, हे सांगून सांगून आम्हाला दमवलं. मी तिकडे गेलेले नाही आणि जाईन असं वाटतही नाही. माझा लक्षात राहिलेला प्रवास बोरिवली ते घाटकोपर. नकाशात बोटभर अंतर. पण ऐन दसऱ्याला, घरच्या गाडीने, सख्ख्या भावाबरोबर हा प्रवास केलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही, म्हणून लिहिते. ज्यांना जायचं असेल त्यांनी आधी हे वाचावं आणि सरळ रिक्षा करावी.

बोरिवली

घाटकोपरला टेकडीखालच्या एका चाळीत आईचा मोठा भाऊ राहायचा. आमचा आबामामा. गिरणी बंद पडल्यावर त्याने काही वर्षं कुठे कुठे वॉचमनकी करून काढली. मामी आधीच गेली होती. शेवटी खोली सोडून तो कायमचा कुडाळकडे, गावी निघाला. नेमका दसऱ्याच्या दिवशी, दुपारच्या एसटीने.

आई आणि आबामामा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मामाच्या मुलीने, सुनंदाने, शेजारच्या कांबळ्यांच्या मुलाशी लग्न केलं. मामाने स्वतः उभं राहून लावून दिलं. आमच्याकडून कुणी गेलं नाही. खरं तर आईने सुनंदासाठी साडी काढून ठेवली होती. पण माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आडवा आला. "तिथे गेलं की बसावं लागतं, चहापाणी होतं. त्यांच्या घरचं पाणी आपल्याला चालायचं नाही." बाबा नव्हतेच, घरात दादाचा शब्द शेवटचा. आईने साडी परत ट्रंकेत ठेवली. मामाने निरोप पाठवला की मला बहीण नाही. तेव्हापासून दोन्हीकडे कुलूप.

मामा गावी चाललाय, हे आम्हाला कळलं ते सुनंदाच्या सासऱ्यांमुळे. कांबळेकाकांनी माझ्या ऑफिसात फोन केला. म्हणाले, "ताईंना सांगा. आबा स्वतः काय बोलवायचे नाहीत. पण आल्या तर त्यांना पाहिजेच आहे, मी रोज बघतो ना त्यांना."

मी म्हटलं, "येतो आम्ही. दादाच्या गाडीने येतो."

हे वाक्य मी किती खुशीत बोलले होते ते आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते. आईला सांगितलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "सोना घेवन जावया. दसऱ्याक दिलेला सोना कोण परत करणा नाय." आई एरवी आमच्याशी शहरी बोलते. मालवणी बाहेर आली की समजावं, आतून हललीय.

आश्चर्य म्हणजे दादाही तयार झाला. कारण गाडी. तिसऱ्या हाताची, पिस्ता रंगाची फियाट त्याने नुकतीच घेतली होती आणि ती दाखवायला त्याला चाळच हवी होती. कॉलनीत दाखवून काय उपयोग, कॉलनीत तीन गाड्या आधीच होत्या. "गावी जाणाऱ्या माणसाचा निरोप घ्यायचाय, उभ्या उभ्या," असं त्याने स्वतःच स्वतःला समजावलं.

दसऱ्याच्या सकाळी दादाने गाडी धुतली. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे त्याला आवरायला कुणी नव्हतं. बाहेरून धुऊन समाधान होईना, म्हणून म्हणाला, आतूनही स्वच्छ झाली पाहिजे, आज तिची पूजा. रेडिएटरच्या बुडाशी पितळेचं एक बूच असतं, प्लग म्हणतात त्याला. तो काढला की सगळं जुनं पाणी खाली येतं. आलं. लालभडक गंजाचं पाणी कंपाउंडभर पसरलं आणि त्यात शेजाऱ्यांची रांगोळी वाहून गेली. शेजारीणबाई वरून बघत राहिल्या. मग दादाने प्लग परत बसवला आणि पक्कडीने पिळला. पिळला म्हणजे किती? ज्याला कुठे थांबायचं ते कधीच कळलं नाही अशा माणसाने पिळावा तितका.

मग पूजा. पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर सगळे पाटावर मांडून हळदकुंकू, फूल, अक्षता. गाडीला झेंडूचं जाड तोरण, थेट पुढच्या जाळीवर. चाकाखाली लिंबू. नारळ फुटला, आरती झाली आणि आरतीच्या शेवटच्या टाळीनंतर शांतता झाली तेव्हा ऐकू आलं, टप, टप, टप.

प्लगचं डोकं तुटून खाली पडलं होतं. उरलेला तुकडा भोकात अडकलेला, आणि त्याच्या बाजूने पाणी.

मी म्हटलं, "पक्कड घे ना मग."

दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलून खिळा ठोकायला सांगितलंय. "पुजलेलं हत्यार आज उचलायचं नसतं."

"मग रिक्षा करू."

"गाडी दारात असताना?"

आईला गुडघ्यांमुळे स्टेशनचा पूल चढवत नाही, त्यामुळे लोकलचा प्रश्नच नव्हता. उरली रिक्षा, आणि ती दादाच्या इभ्रतीच्या आड आलेली. त्याने लाकडाची चपटी खुंटी तासली, अर्थात सुरीने, कारण सुरी स्वयंपाकघरातली आणि तिची पूजा झालेली नव्हती. खुंटीला चिंधी गुंडाळून भोकात ठोकली, वरवंट्याने. वर कुणा ड्रायव्हरने सांगितलेला उपाय, रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती बुजते. पूजेच्या ताटातली उरलेली हळद वाटीभर गेली. आई हातात आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन मागच्या सीटवर केव्हाची बसली होती. नवी लुगडी ती नेसत नाही, पण त्या दिवशी नेसली होती.

अंधेरी

हायवेने गोरेगावपर्यंत छान गेलो. एवढंच छान. दोन्ही बाजूंना ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांच्या गळ्यात हार, जसं काही लग्नाला निघालेत. दादा एका हाताने गाडी चालवत होता आणि आईला सांगत होता की चाळीत आत शिरताना हॉर्न वाजवू, मामा बाहेर येईल. आईने विचारलं, "तो निघायच्या आत पोचू ना रे?"

"अगं, गाडी आहे आपली."

जोगेश्वरीच्या पुढे बॉनेटमधून वाफ यायला लागली. पिवळी. हळदीचा वास, उकडलेल्या डाळीला येतो तसा. चिंधी कधीच सुटली होती. गाडी ढकलत ढकलत आम्ही अंधेरीच्या गॅरेजांच्या ओळीत आणली. ढकलली मी आणि दोन अनोळखी माणसांनी. दादा स्टिअरिंगवर होता.

गॅरेजांची अख्खी ओळ, पण कुणाच्या हातात पाना नाही. प्रत्येक दारात एक पाट, पाटावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले, जॅकवर स्वस्तिक, वेल्डिंगच्या मशीनला हार. तावडे नावाचे एक मालक खुर्चीत बसून पेढा खात होते. त्यांनी आम्हालाही दिला. गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बूच तुटलाय. काय नाय, छोटं काम आहे. उद्या सकाळी या."

दादा म्हणाला, "अहो, आज जायचंय. माझ्या आईचा भाऊ..."

"साहेब, पूजा झालीय. आज पान्याला हात नाय लावायचा. पुजलेलं हत्यार आज उचलत नसतात. तुम्हाला म्हायती नाय?"

मला हसू आलं, ते मी गिळलं नाही. दादा लालेलाल झाला. "याच्यामुळेच आपला देश मागे आहे," म्हणाला. "कसली ही अंधश्रद्धा! माणसाची अडचण मोठी का लोखंडाचा तुकडा?" सकाळचं कुंकू त्याच्या कपाळावर तसंच होतं. आजूबाजूच्या गॅरेजातही हेच उत्तर मिळालं, फक्त पेढ्याऐवजी एकाकडे जिलबी होती. तावड्यांनी एवढं केलं, गाडीला बादलीभर पाणी दिलं आणि सांगितलं, "मरोळच्या गावठाणात जा, डॉमनिककडे. त्यांचा दसरा नाय."

मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. हारवाली, रिकामी. नशीबच म्हणायचं, कारण त्या दिवशी निम्मे रिक्षावाले स्वतःच्या बायकामुलांना फिरवत होते. आईला हात दिला. आई उतरली, एक पाय रिक्षात टाकला, आणि दादा जवळ आला. आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, "आई, पहिल्यांदा गाडी घेतलीय मी. तुला तिची लाज वाटते?"

रिक्षावाला मीटरवर हात ठेवून वाट बघत होता. आई माझ्याकडे बघेना, दादाकडेही बघेना. "झिला, माका रिक्षा चलात," एवढं हळूच म्हणाली.

"चालेल गं तुला. मला नाही चालणार."

आईने पाय खाली घेतला. मला तेव्हा दोघांचाही राग आला. त्याचा त्याच्या बोलण्याचा आणि तिचा तिच्या ऐकण्याचा. जन्मभर ती आधी नवऱ्याचा, मग मुलाचा शब्द असा पाय मागे घेऊन पाळत आली आणि आम्ही त्याला सोशिकपणा म्हणत आलो.

मरोळ

प्रवासवर्णनात निसर्ग हवा म्हणून सांगते, मरोळला एक विहीर आहे, विहिरीवर क्रॉस आहे, आणि डॉमनिकच्या गॅरेजसमोर भेंडाच्या झाडाची सावली आहे. त्या सावलीत आई एका उलट्या डब्यावर बसली. डॉमनिक जेवायला निघाला होता. आम्हाला बघून त्याच्या तोंडावरचा वैताग त्याने लपवला नाही.

"काय झाला? बूच तुटला? दहा मिंटं."

ही दहा मिनिटं त्या दिवशी संपली नाहीत. आधी अडकलेला तुकडा निघेना. छिन्नीने टोचून टोचून काढायचा तर आटे खराब होतात, म्हणून तो हळू काढत होता. तो निघाला तर नवा प्लग नाही. स्पेअरच्या दुकानात पूजा, शटर अर्ध्यावर, आत भटजी. मग डॉमनिकने मागच्या अंगणातली एक मेलेली फियाट हुडकली, तिच्या पोटातून प्लग काढला. तो घट्ट. तो काढायलाही दहा मिनिटं. दर वेळी मी विचारायचे आणि दर वेळी तेच उत्तर. "दहा मिंटं, बाय." दहा मिनिटांसाठी कोण रिक्षा शोधायला जातं? उठावं म्हटलं की काम होत आलेलं असायचं. असं फसवलं त्या दहा मिनिटांनी.

आईने मला जवळ बोलावलं. पिशवीतली पानं सुकतील म्हणून तिने पदराचं टोक विहिरीवर ओलं करून त्यांच्यावर ठेवलं होतं. म्हणाली, "आबा मला खांद्यावर घेऊन ओढा पार करायचा. शाळेत जाताना. त्याची शाळा सुटली, माझी राहिली." तिने पानांवरचा पदर सारखा केला. मग, "माका भावाक बघूचा हा गो. एकदाच. मगे तो कुडाळाक आणि मी हय. आता खंयची भेट?"

मी दादाकडे गेले. तो डॉमनिकला सांगत होता की प्लग बसवताना नीट पीळ, सैल राहायला नको. डॉमनिक म्हणाला, "पिळून पिळूनच तुटला ना तुमचा?" आणि जुन्या प्लगचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"दादा, मी रिक्षा आणते. आईला घेऊन जाते."

"आता तर झालंच काम. पाणी भरलं की निघालो. तुला माझ्यावर एवढा भरवसा नाही?"

नव्हता. तसं मी बोललेही. त्याने ऐकलं नाही, आणि आई डब्यावरून उठली नाही. प्लग बसला. त्याला काही तरी लेप लावला होता. डॉमनिक म्हणाला, सुकू द्या, मग भरा, आणि भरा ते अर्धंच, थोडं चालवून बघा, मग पुढे कुठे तरी पुरतं भरा. एवढं सांगून तो जेवायला गेला. त्याचं जेवण होऊन तो हात पुसत बाहेर आला तरी आम्ही तिथेच.

जेवणाचं विचाराल तर आम्ही त्या दिवशी तावड्यांचा पेढा खाल्ला.

घाटकोपर

साकीनाक्याचा चढउतार, असल्फाची वळणं, सगळीकडे दादाने तापमानाच्या काट्याकडे बघत गाडी हाकली. अर्ध्या पाण्यावर ती पुन्हा तापायला लागली होती. ऊन कलतीला लागलं होतं. चाळीकडे वळताना दोन्ही बाजूंना निळ्या पताका होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, लाउडस्पीकरवर बुद्धवंदना चालू होती. दसऱ्याचा दिवस म्हणजे तिथे धर्मांतराचा दिवस. एकाच दिवशी एकाच रस्त्यावर दोन सण, आणि गाडीच्या जाळीवरचा आमचा झेंडू उन्हाने व वाफेने करपून काळा.

दादाने ठरल्याप्रमाणे हॉर्न वाजवला. बाहेर कांबळेकाका आले.

पांढराशुभ्र सदरा, पांढरा पायजमा. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग खाली बघितलं, तेव्हाच कळलं. आईला ते समजून घ्यायचं नव्हतं. उतरतानाच विचारलं, "गेलो तो?"

"हो ताई. सुनंदा नि पोरगा पोचवायला गेलेत स्टँडवर. एसटी सुटली असेल आता."

"कधी निघाला?"

"रिक्षा आलेली लवकर. परत पाठवली त्यांनी. मी म्हटलं, आबा, एसटी चुकेल. तर म्हणाले, गाडीने येतायत ना, गाडीवाली माणसं वेळेवर येतात. ओट्यावर बसून होते नवा सदरा घालून. मग दुसरी रिक्षा आली, तेव्हा..." काकांनी कोपऱ्याकडे हात केला. "जाताना दोनदा मागे वळले."

मामाच्या खोलीला कुलूप होतं. ओट्यावर ट्रंकेचा चौकोन धुळीत उमटलेला होता. आई त्याच्या बाजूला बसली, चौकोनात नाही. बसून राहिली. रडली नाही, ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिने पिशवीतून आपट्याची एक डहाळी काढली, ओल्या पदराने पुसली आणि कुलपाच्या कडीत खोवली. उरलेल्यातली कांबळेकाकांपुढे धरली आणि घाबरून हात मागे घेतला. "तुमच्यात नसेल घेत."

"आमचा आज दुसरा सण, ताई," काका म्हणाले. "पण तुम्ही आबांसाठी आणलेलं आहे ना. द्या." त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

कांबळेकाकू पाणी घेऊन आल्या. तांब्या आणि तीन पेले, घासून लख्ख. आईने घेतलं. एका दमात प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "वहिनी, आणखी द्या." मीही प्यायले. मरोळपासून घशाला कोरड होती. दादा गाडीला टेकून उभा होता. काकूंनी पेला पुढे केला तशी त्याने छातीवर हात ठेवला. "नको नको. आत्ताच पिऊन आलो."

कुठे पिऊन आला होता? सकाळपासून आम्ही एकत्र होतो.

काकू पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांना सवय असावी, म्हणून त्यांचा चेहरा बदलला नाही. ते बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाने घसा खाकरला, बॉनेट उघडलं आणि कांबळेकाकांकडे न बघता म्हणाला, "एक दोन बादल्या पाणी मिळेल का? गाडीला."

काका आत गेले. चाळीत नळाला पाणी पहाटे येतं, ते भरून ठेवतात, हे घाटकोपर न बघितलेल्यांना सांगायला हवं. घरातलं पिंप वाकवून त्यांनी बादली भरली, पांढरा सदरा ओला होऊ नये म्हणून लांब धरून आणली, आणि स्वतःच्या हाताने रेडिएटरमध्ये ओतली. मग दुसरी. गाडी गटागटा प्यायली. दादा वाकून खाली प्लग बघत होता. एक थेंब गळत नव्हता. "झकास बसलाय," म्हणाला.

आई ओट्यावरून हे सगळं बघत होती. दुसरी बादली संपली तशी ती उठली, काकूंच्या हातातला तो तिसरा पेला, दादाचा, तिने घेतला आणि पिऊन टाकला. मग मला म्हणाली, "रिक्षा बघ गो."

"अगं आई, गाडी झालीय नीट!" दादा म्हणाला.

"होय. तू ये तिच्यातून."

या वेळी तिने पाय मागे घेतला नाही. आम्ही दोघी रिक्षाने बोरिवलीला आलो. मामा त्यानंतर मुंबईला आला नाही. आई कुडाळला गेली, पण तेराव्याला.

त्या दिवशी घाटकोपर ते बोरिवली गाडी एकदासुद्धा तापली नाही, असं दादा अजून आल्यागेल्याला कौतुकाने सांगतो. पाणी कुणाच्या घरचं होतं, ते सांगत नाही.